दानाच्या पुढचे पाऊल : पाठपुरावा

जैन कुटुंबात दानाचा संस्कार वेगळा शिकवावा लागत नाही. पर्युषण पर्वात घरातील ज्येष्ठ लहान मुलाच्या हातात नाणे देतात आणि ते दानपेटीत टाकायला सांगतात. तेथून सुरू झालेली ही सवय जन्मभर टिकते. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चार दानांची थोरवी प्रवचनांतून वारंवार कानांवर पडते. गावोगावच्या पाणपोया, धर्मशाळा, पांजरपोळ, विद्यार्थी वसतिगृहे आणि रुग्णालये या संस्काराची साक्ष देत उभी आहेत.

तरीही विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न उरतोच. वर्षानुवर्षे इतके दान होत असताना त्याच वस्तीतील तीच कुटुंबे, आणि पुढे त्यांचीच मुले, मदतीच्या रांगेत का उभी दिसतात? ज्या आजीला दिवाळीत ब्लँकेट मिळाले, ती पुढच्या दिवाळीतही ब्लँकेटसाठी का येते?

याच्या उत्तराचा मोठा भाग पैशाच्या पलीकडे आहे. निर्धन माणसाकडे पैसा नसतो, तसाच अनेकदा कागदही नसतो. राहण्याचा पुरावा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेवरील योग्य नाव यांपैकी एखादी कडी तुटलेली असते. कायद्याने दिलेला हक्क असतो, पण तो मागण्यासाठी कोणत्या खिडकीवर जायचे हे ठाऊक नसते. ठाऊक झाले, तरी एका दिवसाची मजुरी बुडवून तेथे जावे लागते आणि साहेब रजेवर असले तर तीच मजुरी पुन्हा बुडते. तिसऱ्या खेपेनंतर माणूस जाणे सोडून देतो. कागदावर योजना चालू राहते, घरात दारिद्र्य चालू राहते.

या दोहोंमधले अंतर भरून काढणाऱ्या कामाला मराठीत एक नेमका शब्द आहे : पाठपुरावा. गरीब माणसाच्या बाजूने, त्याला सोबत घेऊन, त्याच्या हक्काची मागणी शेवटपर्यंत लावून धरणे, आणि नियमच अन्यायकारक असेल तर तो बदलावा यासाठी शासनाकडे सतत बोलत राहणे, असा त्याचा व्यापक अर्थ. हे काम पगारी नोकरांनीच करावे असे नाही. आठवड्यातील दोन तास देऊ शकणारी सामान्य माणसेही ते करू शकतात.

खडकी : एका पुलाच्या अंतरात तीन कारभार

पाठपुराव्याची गरज कोठे आणि का पडते, हे पाहण्यासाठी पुण्यातील खडकी हे चांगले उदाहरण आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर इंग्रजांची छावणी वसली. १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. छावणी आणि कारखाना यांच्या आधाराने बाजार वाढला. किराणा, धान्य, कापड, भांडी अशा पेढ्या आल्या आणि व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली. बाजाराच्या बरोबरीने हमाल, हातगाडीवाले, मोलकरणी, कचरावेचक यांच्या वस्त्याही आसपास वाढल्या.

आज खडकी बाजाराचा कारभार कटक मंडळाकडे, म्हणजेच कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. हे मंडळ केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, २००६ च्या कटक कायद्यानुसार चालते. लगतची बोपोडी पुणे महानगरपालिकेत आहे. हॅरिस पूल ओलांडला की लागणारी दापोडी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची. पहाटे पोते घेऊन निघालेली एखादी कचरावेचक बाई सकाळच्या तीन तासांत तीन वेगवेगळ्या कारभारांच्या हद्दींतून फिरून येऊ शकते.

सधन कुटुंबाला या सीमांचा फारसा त्रास होत नाही. निर्धन माणसाला मात्र प्रत्येक सीमा अडवते. महापालिकेने आपल्या नागरिकांसाठी काढलेली योजना कटक मंडळाच्या हद्दीतील झोपडीला आपोआप लागू होत नाही. उलट शिधापत्रिका किंवा निराधार अनुदान या राज्य शासनाच्या बाबी आहेत, त्या कटक हद्दीतील रहिवाशालाही मिळतात. हा फरक ठाऊक नसला की ‘तुमचे काम येथे नाही’ हे वाक्य ऐकून माणूस परत फिरतो. कटक मंडळांची नागरी वस्ती लगतच्या महापालिकांत विलीन करण्याचा विचार अलीकडच्या काळात शासनस्तरावर पुढे आला आहे. तो कसाही फळाला येवो, मधल्या काळात ‘कोणाकडे जायचे?’ हा प्रश्न वस्तीतील माणसाला रोज पडणारच. ज्याला या प्रश्नाचे अचूक उत्तर देता येते, तो पाठपुराव्याची पहिली पायरी चढला.

पुण्याने घालून दिलेला धडा

चिकाटीचा पाठपुरावा काय करू शकतो, याचे देशभर अभ्यासले गेलेले उदाहरण पुण्यातच घडले आहे. ते आहे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक महिलांच्या संपर्कात आल्या. हेतू शिक्षणाचा होता. बायका आणि त्यांच्याबरोबरची लहान मुले कचराकुंड्यांत हात घालून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचत होती. त्यांच्याबरोबर फिरल्यावर, त्यांचे ऐकल्यावर ध्यानात आले की अक्षरओळखीच्या आधी या बायकांना हवे आहे ते कामाला मान्यता मिळणे. पोलीस त्यांच्याकडे चोर म्हणून पाहत, सोसायटीचे रखवालदार हाकलून देत आणि कुंडीतला ओला-सुका एकत्र कचरा उपसण्यात दिवसाचे कितीतरी तास जात. घरातूनच कचरा वेगळा मिळाला तर श्रम कमी होतील आणि मिळकत वाढेल, हे साधे गणित होते. त्यासाठी दारापर्यंत जाण्याची मुभा हवी होती. म्हणून ओळखपत्रे तयार झाली आणि काही नागरिकांनी आपला सुका कचरा वेगळा करून या बायकांना द्यायला सुरुवात केली.

नेमक्या त्याच वेळी एका खासगी व्यावसायिकाने त्याच भागात वाहन घेऊन दारोदार कचरा गोळा करण्याचे काम सुरू केले. बायकांची नुकतीच बसू लागलेली घडी विस्कटण्याची वेळ आली. त्या एकत्र आल्या, त्यांनी विरोध नोंदवला आणि तो व्यावसायिक मागे हटला. एकटीचे कोणी ऐकत नाही, अनेकींचे ऐकावे लागते, हा अनुभव त्यांना प्रथमच आला. मे १९९३ मध्ये शहरातील आठशेहून अधिक कचरावेचकांचा मेळावा भरला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन होते. कचरावेचक आईच्या पोटी जन्मलेले मोहन ननावरे संघटनेच्या उभारणीत आघाडीवर होते. सभासदांत फार मोठे प्रमाण महिलांचे, आणि त्यातही दलित समाजातील महिलांचे होते.

पुढचा प्रवास दीर्घ आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. गळ्यातल्या त्या छोट्या कार्डाने ‘चोर’ हा शिक्का पुसायला आणि ‘कामगार’ ही ओळख मिळवायला सुरुवात केली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांनी पुण्यातील कचरावेचक, भंगार व्यापारी आणि पुनर्वापर उद्योग यांचा अभ्यास केला. या बायका जो माल वेचतात तो महापालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही, डेपोवर टाकावा लागत नाही. म्हणजे त्या शहराचा खर्च वाचवतात आणि त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही, हे या अभ्यासाने मांडले. तोवरची मागणी दयेच्या भाषेत ऐकली जात होती, ती आता हिशेबाच्या भाषेत ऐकली जाऊ लागली. व्यापारी माणसाला या बदलाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

२००३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याची जबाबदारी घेतली. २००७ मध्ये कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी दारोदार कचरा संकलनाचा करार केला. कुंडीत वाकून वेचणारी बाई आता घंटी वाजवून दारात येते आणि ठरलेले मासिक शुल्क घेते. सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगा माल तिचाच राहतो. आज ‘स्वच्छ’मध्ये तीन हजारांहून अधिक कचरावेचक काम करतात. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा व्यवस्थापन नियमांत तर कचरावेचकांची व्याख्याच आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले गेले. अशा नियमांमागे देशातील अनेक संघटनांचे प्रयत्न होते, त्यात पुण्याच्या अनुभवाचा वाटा मोठा होता.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. कराराची मुदत संपल्यावर नूतनीकरण रखडले, अनिश्चितता आली, काम कंत्राटदारांकडे जाण्याची भीती निर्माण झाली. अशा वेळी सेवा घेणाऱ्या अनेक पुणेकर कुटुंबांनी या बायकांच्या बाजूने आवाज उठवला. हक्क एकदा मिळाला की कायमचा राहील, असे गृहीत धरता येत नाही. त्याची राखणही करावी लागते आणि त्या राखणीत सधन कुटुंबांच्या शब्दाला वजन असते.

व्यापारी समाजाला हे काम नवे नाही

‘हे आंदोलनवाल्यांचे काम, आपल्याला ते जमणार नाही,’ असा विचार अनेकांच्या मनात येईल. वस्तुस्थिती वेगळी आहे. जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा जानेवारी २०१४ मध्ये मिळाला. त्यामागे अनेक वर्षांची निवेदने, शिष्टमंडळे, न्यायालयीन लढे आणि बैठका होत्या. २०१३ मध्ये पुण्यासह अनेक महापालिकांत स्थानिक संस्था कर लागू झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी सभा घेतल्या, बाजार बंद ठेवले, मंत्र्यांना आकडेवारी दिली. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांची त्या करातून सुटका झाली. निवेदन कसे लिहावे, कोणाला भेटावे, आकडे कसे मांडावे, नकार मिळाल्यावर पुन्हा कसे जावे, हे सारे व्यापारी समाजाला उत्तम येते. प्रश्न इतकाच आहे की ते कौशल्य आजवर कोणासाठी वापरले गेले.

दुसऱ्यासाठी ते वापरण्याची परंपराही याच समाजात आहे. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. बहुजनांच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांना त्यांनी एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले. कर्मवीरांनी दान गोळा केले हे खरेच, पण त्यांची खरी मागणी समाजव्यवस्थेकडे होती : या मुलांना शिकण्याचा हक्क आहे, तो मान्य करा.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरणही येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील सॅम डेली-हॅरिस हे संगीत शिक्षक. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शाळांमधील सुमारे सात हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधीचे नाव विचारले. जेमतेम दोनशे मुलांना ते सांगता आले. जगातील भूक संपवण्याची इच्छाशक्ती राज्यकर्त्यांत नाही असे म्हणणारे नागरिक राज्यकर्त्यांशी बोलतच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. १९८० मध्ये त्यांनी ‘रिझल्ट्स’ ही संस्था सुरू केली. सामान्य नागरिकांचे छोटे गट एकत्र बसतात, एक विषय नीट समजून घेतात, लोकप्रतिनिधीला पत्र लिहितात, वृत्तपत्राला पत्र लिहितात आणि भेट मागतात. एवढ्या साध्या पद्धतीवर ती संस्था चार दशकांहून अधिक काळ चालत आली आहे. खडकीतील किती जणांना आपल्या भागाच्या आमदारांकडे किंवा खासदारांकडे शेजारच्या वस्तीचा एखादा प्रश्न घेऊन गेल्याचे आठवते, हे ज्याने त्याने मनाशी विचारून पाहावे.

स्वतःच्या पेढीपासून आरंभ

पाठपुराव्याचा एक भाग अवघड आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. गरिबाचा हक्क कधी शासनाकडे थकलेला असतो, तर कधी आपल्याच पेढीकडे.

हमालाच्या पाठीवरच्या पोत्याचे वजन, त्याची हमाली, त्याचा भविष्यनिर्वाह निधी यांसाठी पुण्यात हमाल पंचायत दीर्घकाळ झगडली. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यानुसार माथाडी मंडळात नोंदणी, ठरलेली मजुरी आणि वर लेव्ही भरणे हे मालकाचे कर्तव्य झाले. या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी व्यापाऱ्यांच्या तक्रारी आहेत आणि त्यांतील काही रास्तही आहेत. परंतु संघात अन्नदानाची पंगत घालणारी पेढी हमालाची नोंदणी टाळत असेल, तर त्या दानाचा जमाखर्च जुळत नाही. हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तेव्हा नावातच सांगितले की ही भाकर भिक्षेची नाही, कष्टाची आहे. श्रावकाच्या अणुव्रतांत अचौर्य आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल रोखून धरणे त्या व्रतात बसते का, हा प्रश्न ज्येष्ठांनी तरुणांसमोर मोकळेपणाने ठेवावा.

लहान गोष्टींतूनही आरंभ होतो. दुकानातील पुठ्ठा, कागद आणि प्लास्टिक कोरडे व वेगळे ठेवून नेहमीच्या कचरावेचक बाईला द्यावे. घरातील वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, ओळखता येईल अशी खूण करून वेगळे द्यावेत. घरकाम करणाऱ्या ताईंना आठवड्याची सुट्टी द्यावी. ज्याने हे केले, त्याचा शब्द कार्यालयातही आणि वस्तीतही अधिक खरा वाटतो.

हाताशी असलेली साधने

नव्या कार्यकर्त्याला कायद्याची पदवी लागत नाही. चार-पाच साधने नीट समजून घेतली तरी पुष्कळ कामे मार्गी लागतात.

पहिले साधन शिधापत्रिका. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. अनेक घरांत सुनेचे किंवा नव्या बाळाचे नाव चढलेले नसते, किंवा आधार जोडणीत चूक असते. अर्ज भरून अन्नधान्य वितरण कार्यालयात पोच घेणे, हे कोणत्याही वाचत्या-लिहित्या माणसाला जमणारे काम आहे.

दुसरे साधन निराधारांचे अनुदान. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील पातळीवर होतात. विधवा, वृद्ध, दिव्यांग आणि दुर्धर आजारी व्यक्तींना यांतून दरमहा मदत मिळू शकते. येथे बहुतेक अर्ज अडतात ते उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यावर.

तिसरे साधन बँक खाते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेमुळे किमान शिल्लक नसलेले खाते कोणालाही उघडता येते. अनुदान जमा न होण्याचे कारण पुष्कळदा व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेले खाते किंवा आधारशी न जोडलेले खाते असते. पासबुकात नोंद करून घेणे आणि ओळख पडताळणीचे कागद पुन्हा देणे एवढ्यानेही कित्येक महिन्यांची थकलेली रक्कम मोकळी होते.

चौथे साधन महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळाली पाहिजे हे या कायद्याने ठरते. मुदत टळली किंवा अर्ज कारणाविना नाकारला गेला तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाची दिनांकित पोच जवळ असणे ही त्याची पूर्वअट आहे. पोच न घेता परतणे, म्हणजे पावतीशिवाय माल सोपवण्यासारखे आहे.

पाचवे साधन माहितीचा अधिकार, २००५. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. खडकीत एक भेद लक्षात ठेवावा : कटक मंडळ केंद्राच्या अखत्यारीत असल्याने तेथील दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते, तहसील किंवा महापालिकेचे राज्य माहिती आयोगाकडे.

एकेक अर्ज निकाली काढताना तेच कारण पुन्हा पुन्हा आडवे येऊ लागले, की पाठपुरावा वरच्या पायरीवर जातो. वीस वृद्धांचे अनुदान एकाच कागदासाठी अडले असेल, तर वीस वेळा धावपळ करण्याऐवजी त्या वीस प्रकरणांचा तक्ता करून तो अधिकाऱ्यांसमोर, आणि गरज पडल्यास लोकप्रतिनिधींसमोर ठेवावा. कचरावेचकांच्या पंचायतीने नेमके हेच केले : एकीचे दुःख सर्वांच्या आकडेवारीत मांडले आणि आकडेवारीतून नियम बदलून घेतला.

नव्या माणसाचे स्वागत

अशी कामे सुरू होतात आणि वर्षभरात विरतात, याचे कारण बहुधा पैशाची टंचाई हे नसते. जुनी माणसे थकतात आणि नव्यांना आत येण्याची वाट सापडत नाही. म्हणून नव्याचे स्वागत हा या कामाचाच भाग मानला पाहिजे.

नवा माणूस आला की त्याच्याकडे प्रथम देणगी मागू नये, वेळ मागावा. पहिल्या दोन-तीन भेटींत त्याने फक्त ऐकावे. त्याला अनुभवी व्यक्तीबरोबर जोडीने कार्यालयात न्यावे, कारण खिडकीसमोर उभे राहण्याचा संकोच शिकल्या-सवरल्या माणसालाही असतो. त्याला एकच, लहान आणि शेवट असलेले काम द्यावे : एका आजींचे अनुदान, एका मुलाचा जन्मदाखला, एका शिधापत्रिकेवरील नाव. ते पूर्ण झाल्याचे समाधान पुढच्या कामाची ओढ लावते. वही-खाते सांभाळणारी सून, विवरणपत्रे भरणारी मुलगी, संगणकावर अर्ज भरणारा नातू, निवृत्त काका, अशा प्रत्येकाच्या हाती देण्याजोगे काम येथे असते. दुकानाच्या गल्ल्यावरून उठता न येणाऱ्यानेही दुपारच्या निवांत वेळेत दोन पत्रे लिहावीत.

एक मर्यादा मात्र सर्वांनी पाळावी. ज्याचा प्रश्न, त्याचा शब्द पुढे. कष्टकरी पंचायतीच्या निर्णयांत वस्त्यांमधील कचरावेचकांच्या प्रतिनिधींचा आवाज असतो, शिकलेले कार्यकर्ते त्यांच्या बाजूला उभे राहतात. मदत करणाऱ्यानेच सारे बोलायचे ठरवले, तर गरीब माणूस एका कार्यालयाऐवजी दुसऱ्या मालकाच्या दारात उभा राहतो. अर्ज त्याच्याकडून लिहून घ्यावा, लिहिता येत नसेल तर त्याच्या शब्दांत लिहून वाचून दाखवावा, आणि खिडकीवर त्यालाच बोलू द्यावे. पुढच्या वेळी तो एकटा जाऊ शकला, तर पाठपुरावा सफल झाला. अशांपैकीच काही जण उद्या शेजाऱ्याचा अर्ज घेऊन जातील. सर्वांत उत्तम नवे कार्यकर्ते तेथूनच मिळतात.

चार दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. त्याचा पहिला अर्थ जीवाला प्राणभयातून सोडवणे हा आहेच. परंतु पोलिसाच्या, रखवालदाराच्या, कारकुनाच्या नजरेला भिऊन जगणाऱ्या माणसाचे ते भय कमी करणे हेही त्या दानापासून फार दूर नाही. सर्व जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात असे तत्त्वार्थसूत्र सांगते. बाजाराचा विचार केला तर हे किती खरे आहे ते दिसते : हमालाशिवाय गोदाम नाही, कचरावेचक बाईशिवाय स्वच्छ पेठ नाही.

येत्या चातुर्मासात प्रत्येक संघाने आपल्या शेजारची एक वस्ती आणि एकच प्रश्न निवडावा. दानपेटीच्या शेजारी एक साधी वही ठेवावी. रकाने पाचच : अर्ज कशाचा, कोणत्या कार्यालयात, पोच कधी मिळाली, पुढची तारीख कोणती, सोबत कोण जाणार. वस्तीतील माणसाची लाज राहावी म्हणून नावाऐवजी क्रमांक लिहावा. दर पंधरवड्याला ती वही उघडून, पेढीवरच्या उधारीसारखी, कोणती बाब किती दिवस थकली आहे हे पाहावे. संवत्सरीपर्यंत त्यातील दहा बाबी निकाली निघाल्या, तरी दहा घरांत दरमहा काहीतरी हक्काने येऊ लागेल, आणि शेवटच्या रकान्यात दहा नवी नावे लिहिली गेलेली असतील.